लहान मुलं झोपेत दात खातात, काळजी कधी करायची?

रातराणी
आमची लेक चार वर्षांची. गेले काही महिने झोपेत दात खातेय. डोळा लागला की तासा-दीड तासात सुरू होतं. आवाज इतका की दार लोटून घेतलं तरी बाहेरच्या खोलीत ऐकू येतो. थोडा वेळ करकर, मग कूस बदलते, जरा शांतता, की परत करकर. सकाळी विचारलं तर तिला यातलं काही माहीत नसतं. दात दुखत नाहीत, खाणंपिणं नीट आहे, दिवसभर हुंदडत असते.

घरात तीन मतं आहेत. साबा (सासूबाई): पोटात जंत झालेत, औषध द्या. आई: तूसुद्धा खायचीस लहानपणी, आपोआप थांबलं. नवरा: डेंटिस्टकडे नेऊन ते दातांवर बसवायचं कव्हर करून आणू. मला स्वतःला भीती वेगळीच. इतकं जोरात घासून दुधाचे दात झिजून गेले तर खालून येणाऱ्या दातांचं काय? आणि तिच्या मनाला काही लागलंय का, हाही विचार डोक्यातून जात नाही. अनुभवी आईबाबांनी लिहा. इथे कुणी डॉक्टर असतील तर फारच बरं.

निशाचर
+१. मुलगा तीन वर्षांचा, सेम टू सेम. फळ्यावर नख ओढल्यासारखा आवाज येतो, अंगावर काटा येतो अगदी. तज्ज्ञांच्या प्रतीक्षेत.

खडूस_काका
जंत. विषय संपला. आमच्या लहानपणी घरातल्या समस्त पोरांना रांगेत उभं करून जंताचं औषध पाजायचे. कुणी दात खात नव्हतं. हल्ली कशाचाही धागा निघतो. (हलकेच घ्या.)

कापूसकोंडा
काका, तेव्हा सगळी पोरं एका खोलीत आडवी व्हायची. कुणाचे दात वाजतायत हे ऐकायला मोठं माणूस जागं होतं कुठे? आणि जंत आतड्यात, दात तोंडात. मधला रस्ता कुणीतरी समजावून सांगा.

दंतकथा
मी लहान मुलांची दंतवैद्य आहे (आयडी मुद्दाम घेतलाय), त्यामुळे जरा लांबण लावते. मूल न बघता निदान करता येत नाही, हे गृहीत धरून वाचा.

रातराणी, चार वर्षांच्या मुलीने झोपेत दात खाणं ही फार नेहमीची गोष्ट आहे. नक्की किती मुलं खातात याचे आकडे अभ्यासागणिक बदलतात. २०१३ साली तोवरचे अभ्यास एकत्र करून आढावा घेतला गेला, तेव्हा ३.५ टक्क्यांपासून ४०.६ टक्क्यांपर्यंत आकडे निघाले! एवढी तफावत असण्याचं एक कारण म्हणजे बहुतेक ठिकाणी आईवडिलांना विचारूनच मोजलेलं असतं, आणि मूल वेगळ्या खोलीत झोपत असेल तर त्यांना ऐकू येणार कसं? पण वय वाढतं तसं प्रमाण उतरतं, हे बहुतेक सगळीकडे दिसतं. मोठ्यांमध्ये ते ८ टक्क्यांच्या आसपास येतं. २०१८ मध्ये या विषयातल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी मिळून व्याख्या नव्याने मांडली. एरवी धडधाकट असलेल्या माणसाच्या दात खाण्याला आजार म्हणू नये, असं तिच्यात स्पष्ट म्हटलंय.

आता हे होतं कसं. आपण रात्रभर एकसारखे गाढ झोपत नाही. अधूनमधून मेंदू काही सेकंद जागेपणाच्या अगदी काठाशी येतो आणि परत झोपेत शिरतो. आपल्याला कळतही नाही. दात खाणं बहुतेक वेळा अशा क्षणी, हलक्या झोपेत होतं. स्लीप स्टडीत (झोपेत मेंदू, हृदय, स्नायू यांची नोंद घेणारी तपासणी) त्याचा क्रम दिसतो: मेंदूच्या लहरी वेग घेतात, हृदयाचे ठोके वाढतात, मग चावण्याचे स्नायू एका लयीत आवळायला लागतात, आणि सगळ्यात शेवटी तो आवाज. थोडक्यात, दात हे शेवटचं टोक आहे. वरखालचे दात नीट जुळत नाहीत म्हणून मूल ते घासतं, असं पूर्वी दंतवैद्यकातच मानलं जायचं. आता ते मागे पडलंय. तेव्हा दात थोडे घासून 'लेव्हल' करू असं कुणी सुचवलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

दुधाच्या दातांचं इनॅमल (वरचं कडक आवरण) पक्क्या दातांच्या साधारण निम्म्या जाडीचं असतं, त्यामुळे ते लवकर झिजतात. सुळ्यांची टोकं बोथट झालेली, पुढचे दात सरळ रेषेत कापल्यासारखे, अशी मुलं मी सतत बघते. झीज सावकाश होत असेल तर दात आतून नवं डेंटिन (इनॅमलच्या आतला पिवळसर थर) तयार करत आतल्या नसेला वाचवत राहतो. खालचा पक्का दात हाडात असतो, त्याला हे घर्षण पोचत नाही. काळजी करायची ती झीज दाताच्या नसेपर्यंत पोचली, दात दुखायला लागला किंवा हिरडीवर पुळी आली तर. मग तो संसर्ग खालच्या दातापर्यंत जाऊ शकतो. पण नुसत्या दात खाण्याने इतकं होणं विरळा, बहुतेकदा सोबत कीड असते.

कव्हर म्हणजे नाइट गार्ड. या वयात माझं उत्तर 'नको'. जबडा वाढतोय, सहाव्या वर्षाच्या सुमारास पुढचे दात हलायला लागतील, मागून पक्क्या दाढा येतील. आज मापाने केलेलं कव्हर काही महिन्यांत बसेनासं होतं, वाढीच्या आड येऊ शकतं, आणि एवढं लहान मूल ते झोपेत काढून तोंडात चघळत बसलं तर ती आणखी एक भीती.

मात्र कुणी आईबाबा 'दात खातो हो' असं म्हणत आले की मी दात बघायच्या आधी विचारते: घोरतो का? तोंड उघडं टाकून झोपतो का? तुमच्याकडे काय आहे?

रातराणी
किती सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार! सर्दी असेल तेव्हा थोडी घुरघुरते, एरवी नाही. काल मुद्दाम बघितलं, तोंड बंद होतं, श्वास एकसारखा चालू होता. नवऱ्याला कव्हरचा परिच्छेद वाचून दाखवला आहे. :)

निशाचर
माझा मुलगा तोंड उघडं टाकूनच झोपतो. सर्दी असो, नसो. आणि घोरतो. एवढासा जीव मोठ्या माणसासारखा घोरतो म्हणून आम्हाला गंमत वाटायची. उशी घामाने ओली होते आणि मान मागे टाकून विचित्र झोपतो. आता टेन्शन आलं.

मोरपीस
निशाचर, टेन्शन घेऊ नका पण दाखवून घ्या. माझा धाकटा अगदी असाच होता. दात खायचा, रात्रभर पलंगभर फिरायचा, बंद झालेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू झालं. दिवसा म्हणाल तर झोपाळलेला अजिबात नाही, उलट अंगात आल्यासारखा. बालवाडीतून 'एका जागी बसत नाही' अशी तक्रार. आम्ही दात दाखवायला गेलो आणि तिथून चिठ्ठी मिळाली कान-नाक-घसा तज्ज्ञांची. एडेनॉइड्स (नाकामागे असणाऱ्या, टॉन्सिल्ससारख्या गाठी) एवढे वाढलेले की नाकामागचा रस्ता जवळजवळ बंद. आधी नाकात मारायचा स्टेरॉइड स्प्रे दिला, त्याने थोडाच फरक पडला, मग शस्त्रक्रिया. त्यानंतर घोरणं गेलं आणि दात खाणं खूप कमी झालं. पूर्ण थांबलं नाही, अजून परीक्षाबिरीक्षा असली की एखाद्या रात्री वाजतात. पण माझ्यासाठी खरा फरक म्हणजे सकाळी मूल हसत उठायला लागलं.

दंतकथा
मोरपीस यांनी लिहिलेलं 'झोपाळलेला नाही, उलट अंगात आल्यासारखा' हे नीट वाचा. झोप पुरी न झालेलं मोठं माणूस पेंगतं, लहान मूल बऱ्याचदा चेकाळतं. त्यामुळे झोपेचा प्रश्न शिस्तीचा प्रश्न समजला जातो.

यामागची कडी अशी: घशातली वाट अरुंद असेल तर झोपेत श्वास अडतो, मेंदू क्षणभर जागा होऊन तो मोकळा करतो, आणि असे जागे होण्याचे क्षण वाढले की दात खाणंही वाढतं. जबडा पुढे ढकलला की हवेची वाट थोडी उघडते, म्हणून दात खाणं ही शरीराची त्यासाठीची खटपट असावी असंही काही जणांना वाटतं. पण ते अजून सिद्ध व्हायचंय. २००४ सालच्या एका अभ्यासात टॉन्सिल्स आणि एडेनॉइड्स काढण्याआधी जवळजवळ निम्मी मुलं दात खात होती, शस्त्रक्रियेनंतर हे प्रमाण १२ टक्क्यांच्या आसपास आलं. ही मुलं आधीच श्वासाच्या त्रासासाठी आलेली होती, हे विसरू नका. दात खाणाऱ्या प्रत्येक मुलाचे टॉन्सिल्स काढा असा त्याचा अर्थ नाही!

खडूस_काका
सगळं ठीक. माझे जंत कुठे गेले?

कापूसकोंडा
काका, हे वाक्य संदर्भाशिवाय वाचलं तर फार भयंकर आहे. =))

गोळीबार
बालरोगतज्ज्ञ हजर. काकांच्या (?) जंतांबद्दल लिहितो.

दात खाणं आणि जंत यांवर अभ्यास झालेत, पण थोडे आणि छोटे. काहींत संबंध दिसला, काहींत अजिबात नाही. त्यामुळे 'दात वाजतात म्हणजे जंत आहेतच' असं म्हणायला आधार नाही. तरी कापूसकोंडा यांनी विचारलेला मधला रस्ता मात्र असू शकतो. सुतासारखे बारीक पांढरे जंत असतात, त्यांची मादी रात्री शौचाच्या जागेपाशी बाहेर येऊन अंडी घालते. तिथे प्रचंड खाज सुटते, मूल चुळबुळतं, झोप परत परत मोडते. आणि झोप मोडली की दात, हे वर आलंच आहे. म्हणजे असलाच तर संबंध झोपेमार्फत.

म्हणून मी दातांवरून जंत ठरवत नाही, खाजेवरून ठरवतो. रात्री किंवा पहाटे तिथे खाजवणं, मुलींमध्ये पुढच्या बाजूला लाली आणि आग, कधी टॉर्चच्या उजेडात हलणारा पांढरा दोरा. शंका असेल तर सकाळी उठल्याउठल्या, शी-अंघोळ व्हायच्या आत, पारदर्शक चिकटपट्टी त्या जागी दाबून काढायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायला द्यायची. साध्या शौच तपासणीत हे जंत बऱ्याचदा निसटतात. औषधाचा एक डोस पुरत नाही, कारण ते अंड्यांवर फारसं चालत नाही. दोन आठवड्यांनी दुसरा द्यावा लागतो, आणि तोही घरातल्या सगळ्यांना. नखं कापलेली, चादरी धुतलेल्या, सकाळी अंघोळ. डोस वयाप्रमाणे ठरतो, तो तुमच्या डॉक्टरांकडून घ्या.

रातराणी, वयाप्रमाणे द्यायचं जंताचं औषध राहिलं असेल तर देऊन टाका. औषध सुरक्षित आहे आणि साबाही खूश.

खडूस_काका
म्हणजे मला अर्धा मार्क. चालेल. रांगेत उभं करायचे ते बरोबरच होतं तर, सगळ्यांना एकदम.

टवाळ
आमच्याकडे रामबाण उपाय आहे. करकर सुरू झाली की हनुवटी हळूच धरायची, थांबते. नवराबायको आळीपाळीने ड्यूटी करतो.

दंतकथा
थांबते, कारण मूल तेवढ्यापुरतं जागं होतं. ज्या गोष्टीचं मूळच मोडलेल्या झोपेत आहे तिच्यासाठी तुम्ही झोप आणखी मोडताय. ड्यूटी रद्द करा, झोपा दोघंही.

सांजवात
धाकटीचा जन्म झाला आणि मोठ्याने दात खायला सुरुवात केली. तो बोलून काही दाखवत नाही, बाळाचे लाडही करतो. पण मला राहून राहून वाटतं की तो ते रात्री बाहेर काढतोय. रातराणी यांनी मनाला लागण्याबद्दल विचारलं होतं, त्यावर कुणी लिहिलं नाही.

गोळीबार
चिंता, ताण आणि दात खाणं यांचा संबंध मुलांमध्येही दिसतो, हे खरं. पण त्याचा अर्थ लावताना आईबाप जरा पुढे जातात असं माझं मत आहे. एक म्हणजे अतिशय आनंदी मुलंही दात खातात. दुसरं, आई किंवा वडील लहानपणी खात असतील तर मुलं खाण्याची शक्यता जास्त असते (रातराणी, तुमच्या आईचं म्हणणं इथे लागू!). तिसरं, भावंड आलं की मुलाच्या मनाबरोबर घराची झोपच बदलते. बाळ रात्री रडतं, दिवे लागतात, मोठ्याची झोपायची वेळ सरकते. त्याच्या झोपेवर याचा किती परिणाम झाला ते आधी बघा.

मुलाला समोर बसवून 'तुला कसलं टेन्शन आहे' असं विचारू नका, तीन-चार वर्षांचं मूल तुम्हाला हवं ते उत्तर देईल. झोपायच्या आधीचा अर्धा तास फक्त त्याचा ठेवा. बाळ दुसऱ्या कुणाकडे द्या, स्क्रीन बंद, दिवे मंद, तेच गाणं नाहीतर तीच गोष्ट रोज. ३ ते ५ वर्षांच्या मुलाला दुपारची डुलकी धरून दिवसाला १० ते १३ तास झोप लागते, ६ ते १२ वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास. बेरीज करून बघा, बऱ्याच घरांत ती तासा-दोन तासांनी कमी भरते. संध्याकाळनंतर कॅफिन असलेलं काही नको. आणि घरात कुणी सिगारेट ओढत असेल तर ती बंद करायला हे आणखी एक कारण. त्या धुराने नाक-घसा सुजतो आणि घोरणंही वाढतं.

पिंट्याचा_बाबा
आमचं दहा महिन्यांचं आहे. जागेपणी दात खातं, आमच्याकडे बघून, मजेत. वरचे दोन, खालचे दोन आलेत.

दंतकथा
नवीन खेळणं मिळालंय त्याला, खेळू द्या. दाढा येईपर्यंत बहुतेकांचं कंटाळा येऊन सुटतं.

अनवट
माझा मुलगा स्वमग्न आहे, सात वर्षांचा. रात्री खातो आणि दिवसाही, तासन्‌तास. पुढचे दात पिवळे दिसेपर्यंत झिजलेत. 'आपोआप जाईल' हे मी खूप ऐकलंय, म्हणून इथे लिहायला कचरत होते.

दंतकथा
अनवट, बरं झालं लिहिलंत. वर मी जे धीराचं लिहिलं ते निरोगी मुलाच्या रात्रीच्या दात खाण्याबद्दल होतं, ते तुम्हाला लागू नाही. स्वमग्नता, डाउन सिंड्रोम, सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांत हे जास्त आणि जास्त काळ दिसतं, आणि दिवसा खाणं हा वेगळा प्रश्न आहे. मुलाला त्यातून जबड्यात एक दाब, एक संवेदना मिळत असते. त्यामुळे नुसतं 'थांब' म्हणून भागत नाही, चावायला दुसरं सुरक्षित काही द्यावं लागतं आणि ते ऑक्युपेशनल थेरपिस्टबरोबर ठरवावं. पिवळं दिसतंय ते बहुधा डेंटिन. आत्ताच दाखवा, दाढांवर टोप्या घालून उरलेली उंची वाचवता येते. सात वर्षांचा म्हणजे पक्क्या दाढाही आल्या असतील, त्या मला जास्त महत्त्वाच्या वाटतात.

कुठली औषधं चालू असतील तर तीही दंतवैद्याला सांगा. एकाग्रतेसाठी दिली जाणारी आणि नैराश्य-चिंतेवरची काही औषधं दात खाणं वाढवतात. मात्र स्वतःहून बंद करू नका, ज्यांनी लिहून दिलीत त्यांच्याशी बोला.

अनवट
एक औषध चालू आहे आणि हे त्यानंतरच वाढलंय. हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. उद्याच फोन करते. धन्यवाद.

कापूसकोंडा
मॅग्नेशियमच्या गोळ्यांबद्दल बरंच फिरतंय. त्यात तथ्य आहे का?

गोळीबार
मुलांच्या दात खाण्यासाठी त्या द्याव्यात इतका पुरावा नाही. मी देत नाही.

रातराणी
शेवटचं. आमच्यासारख्यांनी, म्हणजे घोरणं नाही, दुखणं नाही, अशांनी थांबायचं किती? आणि काय दिसलं की उठून जायचं?

दंतकथा
वर्षातून दोनदा दात दाखवताच, तेव्हा सांगा. मध्ये दर काही महिन्यांनी उजेडात दातांचे फोटो काढून ठेवा. झीज रोज बघून कळत नाही, जुना फोटो शेजारी ठेवला की लगेच कळते. सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे नवी दाढ येते. दुधाची दाढ पडून तिच्या जागी न आल्यामुळे ती पक्की आहे हे अनेकांना ठाऊकच नसतं. तिथून पुढे मी जास्त बारकाईने बघते. पक्क्या दातांच्या कडा झिजायला लागल्या, सकाळी जबडा किंवा कानशिलं दुखतायत, गार लागलं की कळ येते, दाताचा टवका उडाला, तर वाट बघू नका. दाढांवर वाटीसारखे गुळगुळीत खड्डे दिसले तर बऱ्याचदा पोटातलं आम्ल वर येत असतं. त्याचा इलाज गोळीबार यांच्याकडे, माझ्याकडे नाही.

गोळीबार
आणि आवाजाबरोबर अंग ताठ होणं, एका लयीत झटके, डोळे फिरणं, हाक मारूनही भानावर न येणं यांपैकी काही असेल तर ते दात खाणं समजून सोडून देऊ नका. झटक्यांच्या आजाराची तपासणी लागते. विरळ आहे, पण बघायला हवं.

निशाचर
ईएनटीची वेळ घेतली आहे, पुढच्या आठवड्यात. डॉक्टरांसमोर तर तो जागा असणार, मग काय दाखवू? व्हिडिओ चालेल का?

गोळीबार
चालेल काय, आणाच. फक्त चेहऱ्याचा क्लोजअप नको. पांघरूण बाजूला करा, चेहरा आणि छाती-पोट एकाच चौकटीत येऊ द्या. छाती आत ओढली जातेय का, पोट हलतंय पण आवाज थांबलाय का, आणि मग एकदम हुंदका दिल्यासारखा श्वास येतो का, हे आम्ही बघतो. टीव्ही-पंखा बंद, आवाज चालू. निदान काही मिनिटं सलग. एक तुकडा झोप लागल्यानंतरचा घ्या आणि एक पहाटेचा नक्की घ्या, कारण श्वास अडणं पहाटेकडच्या झोपेत जास्त दिसतं. आठवड्यात किती रात्री घोरतो तेही लिहून न्या. तीन किंवा जास्त असतील तर डॉक्टरांना आधी तेच सांगा.